वर्गातला छळ आणि पडद्यासमोरचा प्रेक्षक

शाळकरी मुलांनी आपल्यातल्याच एखाद्या मुलाला ठरवून, वारंवार आणि बहुधा चारचौघांच्या देखत त्रास देणे, या प्रकाराला मराठीत एकच असा पक्का शब्द नाही, आणि ही उणीव केवळ शब्दकोशापुरती नाही. चिडवणे, टर उडवणे, खोड्या काढणे, दादागिरी करणे, छळणे असे शब्द पुष्कळ आहेत. पण त्यांतले काही इतके हलके आहेत की ते कानावर पडताच मोठी माणसे ‘पोरंच ती, चालायचंच’ म्हणून मोकळी होतात, तर ‘छळ’ हा शब्द सासुरवास आणि पोलीस कोठडी यांच्याशी इतका जोडला गेला आहे की मधल्या सुट्टीतल्या प्रकाराला तो लावताना जीभ अडखळते. ‘रॅगिंग’ हा शब्द महाविद्यालये आणि वसतिगृहे यांच्यासाठी रूढ झाला, महाराष्ट्राने १९९९ मध्ये त्याविरुद्ध कायदाही केला, तरी नववी-दहावीच्या वर्गातल्या त्रासाला सहसा कोणी रॅगिंग म्हणत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ‘पोट्टे तरास देतात’ एवढ्या तीन शब्दांत सगळे उरकते, आणि त्या ‘तरास’ शब्दात पेन लपवण्यापासून शाळा सोडायला लावण्यापर्यंतचे सारे काही मावते. या प्रकरणात त्यासाठी ‘शालेय छळ’ हा शब्द वापरला आहे आणि त्याचा अर्थ पुढे नेमका केला आहे.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास स्कँडिनेव्हियात सुरू झाला. स्वीडनमधील डॉक्टर पीटर-पॉल हाइनेमान यांनी १९६९ मध्ये मुलांच्या झुंडीने एकट्या मुलावर तुटून पडण्याविषयी लिहिले आणि त्यासाठी प्राणिवर्तनशास्त्रातली एक संज्ञा उसनी घेतली. लहान पक्षी एकत्र येऊन मोठ्या शिकारी पक्ष्याला कलकलाट करून हुसकावतात, त्या वर्तनाची ती संज्ञा होती. ताडोबाच्या रानात कोतवाल पक्षी आपल्याहून कितीतरी मोठ्या शिकऱ्याच्या किंवा गरुडाच्या मागे लागलेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या उपमेतली गंमत लगेच कळेल. कारण रानात दुबळे एकत्र येऊन बलवानाला पळवतात, तर शाळेत नेमके उलटे घडते. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी या झुंडीच्या कल्पनेलाच हरकत घेतली, कारण झुंड म्हटले की कोणा एकावर जबाबदारी येत नाही, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा एक-दोन मुलेच पुढाकार घेतात. त्यांनी शालेय छळाच्या ज्या तीन कसोट्या ठरवल्या त्या आजही वापरल्या जातात : त्रास देण्याचा हेतू असणे, तो पुन्हा पुन्हा दिला जाणे आणि त्रास देणारा व सोसणारा यांच्या बळात तफावत असणे. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सहाध्यायांचा छळ असावा असे पुढे आले, तेव्हा १९८३ मध्ये त्या देशाने सर्व शाळांसाठी मोहीम आखली. मुलांच्या आपापसातल्या भानगडी म्हणून सोडून दिलेली गोष्ट सरकारी कामकाजाचा विषय झाली ती तेव्हापासून. युनेस्कोने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगभरातील सुमारे ३२ टक्के विद्यार्थ्यांना आदल्या महिन्यात किमान एकदा तरी सहाध्यायांकडून असा त्रास झालेला होता.

हा छळ पडद्यावर कसा दिसतो हे पाहण्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काम फिनलंडमधील क्रिस्तिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केले. छळ हा दोघांमधला व्यवहार नसून संपूर्ण वर्गाचा असतो, असे त्यांनी दाखवले आणि वर्गातल्या मुलांच्या सहा भूमिका सांगितल्या : छळणारा, त्याला हात देणारा, हसून किंवा गलका करून त्याला चढवणारा, सोसणाऱ्याची बाजू घेणारा, अलिप्त राहणारा आणि स्वतः सोसणारा. यांतली तिसरी भूमिका, हसणाऱ्याची, पुढच्या विवेचनात पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण चित्रपटगृहात बसलेला प्रेक्षकही हसत असतो.

मोठ्या निर्मितीसंस्थांच्या पैशावर आणि त्यांच्या हिशेबावर न चालणारा, कमी खर्चात आणि बहुधा दिग्दर्शकाच्या स्वतःच्या आग्रहातून उभा राहणारा चित्रपट म्हणजे स्वतंत्र चित्रपट, अशी ढोबळ व्याख्या करता येते, आणि अशाच चित्रपटांत शालेय छळ कसा येतो हे येथे पाहायचे आहे. मराठीत संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने २००४ मध्ये अशा चित्रपटाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि त्यानंतरच्या दशकात शाळकरी मुले या चित्रपटांच्या मध्यभागी आली. तरीही शाळा दाखवणारा प्रत्येक चित्रपट छळाचा नसतो, आणि ओल्वेयस यांच्या कसोट्या येथे उपयोगी पडतात. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये (२०१४) पुण्याहून कोकणात आलेल्या चिन्मयला नवे मित्र भर पावसात किल्ल्यावर एकटे सोडून जातात; त्या मुलाचे भेदरलेपण पाहताना प्रेक्षकाचाही जीव खालीवर होतो, पण तो छळ नव्हे. तेथे हेतू नाही, पुनरावृत्ती नाही, आणि बळाचा विचार केला तर शहरातून आलेला, सरकारी अधिकारी आईचा हुशार मुलगाच थोडा वरचढ ठरतो. दुखावणे आणि छळणे यांतला फरक ‘किल्ला’ फार चांगला शिकवतो.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा, ‘श्वास’च्याही आधीचा ‘दहावी फ’ (२००२) मात्र थेट या विषयावरचा चित्रपट आहे. सुमित्रा भावे मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि १९८५ च्या ‘बाई’ या लघुपटापासून त्या चित्रपटाकडे वळल्या. त्यामुळे त्यांच्या पटकथेत व्यक्तीच्या मागे नेहमी रचना दिसते. या चित्रपटात गुणांप्रमाणे तुकड्या पाडलेल्या शाळेतली शेवटची तुकडी ‘टाकाऊ’ म्हणून सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेली आहे. वरच्या तुकडीतल्या मुलांशी झालेल्या संघर्षातून ही मुले शाळेची मोडतोड करतात, शाळा त्यांना शिक्षा करते, आणि अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शिक्षक त्या मुलांनीच कमावून नुकसान भरून काढावे असा मार्ग काढतो. जाता जाता एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे : मराठी शाळांतल्या तुकड्या अ, ब, क, ड, इ, फ अशा क्रमाने जातात, म्हणजे अक्षरे मराठी आणि क्रम इंग्रजी, आणि या उसन्या क्रमातले सहावे अक्षर मुलाच्या कपाळावर चिकटते. येथे छळणारा कोण, या प्रश्नाला एका मुलाचे नाव घेऊन उत्तर देता येत नाही. वरच्या तुकडीतला मुलगा खालच्या तुकडीतल्या मुलाला जे म्हणतो ते शाळेने वेळापत्रकात आधीच लिहून ठेवलेले आहे. मुलगा फक्त ते मोठ्याने वाचतो.

हाच धागा नागराज मंजुळे यांच्या ‘फॅन्ड्री’मध्ये अधिक खोल जातो. २०१३ मध्ये मुंबईच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेलेला आणि १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट तेव्हाच्या अहमदनगरजवळच्या अकोळनेर गावात घडतो. ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार त्याला मिळाला आणि नायकाची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे याला सर्वोत्तम बालकलाकाराचा. कैकाडी समाजातला जब्या शाळेत जातो, वर्गातल्या शालूवर मनोमन प्रेम करतो आणि तिने आपल्याकडे पाहावे म्हणून काळ्या चिमणीच्या शोधात रान पालथे घालतो, कारण त्या चिमणीची राख अंगावर टाकली की माणूस वश होतो असे त्याला सांगितलेले असते. गावाला नकोशी झालेली डुकरे पकडण्याचे काम मात्र त्याच्याच घरावर आहे, आणि ‘फॅन्ड्री’ हा कैकाडी बोलीतला डुकरासाठीचा शब्द गावातली पोरे त्याच्यावर फेकतात. दुसऱ्याच्या भाषेतला एकच शब्द उचलून तो त्यालाच शिवी म्हणून परत देणे ही छळाची फार जुनी रीत आहे. त्या एका शब्दात माणूस, त्याचे काम आणि त्याची भाषा यांचा एकदमच अपमान होतो.

चित्रपटाच्या उत्तरार्धात जब्याचे कुटुंब शाळेच्या परिसरातच डुकरामागे धावते आणि शाळेतली मुले व गावातले तरुण सामना पाहावा तसे ते पाहतात. साल्मिवाल्ली यांच्या सहाही भूमिका येथे पडद्यावर हजर आहेत, आणि सर्वांत मोठा घोळका हसणाऱ्यांचा आहे. डुक्कर हाती लागणार तोच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, आणि डुकराला कसलेच बंधन नसल्याने ते निघून जाते. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत २००३ पासून खेळापूर्वी राष्ट्रगीत लावले जात असल्याने प्रेक्षक एकदा उभा राहून बसलेला असे आणि आता पडद्यावर पुन्हा तेच सूर ऐकून पुन्हा उठायचे की नाही या पेचात पडे. कथेचा भाग म्हणून राष्ट्रगीत वाजले तर उभे राहण्याची गरज नाही, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये केला. ज्यांना हा पेच पडला त्यांना जब्याचे वडील कचरू माने यांचा पडद्यावरचा पेच निदान क्षणभर स्वतःच्या पायांत जाणवला असणार, आणि दिग्दर्शकाला याहून वेगळे काही साधायचे असेल असे वाटत नाही. पुढे काठीला उलटे टांगलेले डुक्कर खांद्यावर घेऊन जब्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जाते, त्या भिंतीवर आंबेडकर आणि फुले यांची चित्रे आहेत. आणि अखेरीस जब्या चिडवणाऱ्यांवर भिरकावत असलेल्या दगडांपैकी शेवटचा थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो व पडदा काळा होतो. त्या दगडाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढेच नोंदवायचे की तो दगड छळणाऱ्या मुलाला नव्हे, तर तोवर अधूनमधून हसलेल्या प्रेक्षकाला लागतो.

परदेशी चित्रपटांशी तुलना केली तर फरक चटकन डोळ्यांत भरतो. इल्मार राग यांच्या ‘क्लास’ (२००७) या एस्टोनियन चित्रपटात दोन मुलांना वर्ग इतका कोंडीत पकडतो की शेवट बंदुकीवर जातो; तेथे घर, जात, भाषा यांनी सारी मुले जवळपास सारखीच आहेत आणि बळाची तफावत वर्गाच्या आतच निर्माण होते. मराठी चित्रपटात ती मुलाच्या जन्माआधीच ठरलेली असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागत असे आणि शिपाई नसला तर पाणी मिळत नसे, हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यात कोणा एका सहाध्यायाची खोडी शोधून सापडणार नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात चित्रित झालेला, शैलेश दुपारे दिग्दर्शित ‘पल्याड’ (२०२२) याच वाटेने आणखी एक पाऊल मागे जातो. शशांक शेंडे आणि देविका दफ्तरदार यांच्या भूमिका असलेल्या या चित्रपटात स्मशानाच्या आश्रयाने राहणाऱ्या मसणजोगी कुटुंबातल्या मुलाला शाळेत जायचे आहे, आणि मृताच्या विधींशी जोडलेल्या समजुतींमुळे गावाला ते नको आहे. मसणजोगी ही महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीतली जमात आहे. गावाला तिची गरज मरणाच्या वेळी लागते आणि इतर वेळी तिचे दर्शनही नको असते. वर्गातल्या छळाचा विचार करताना सहसा असे गृहीत धरले जाते की मूल वर्गात पोचलेले आहे. ‘पल्याड’मधले मूल दाराबाहेर आहे, आणि त्याला आत घेणे म्हणजे साल्मिवाल्ली यांच्या सहा भूमिका असलेल्या त्या वर्गात त्याला आणून बसवणे, हा विचार चित्रपट संपल्यावर मनात रेंगाळतो.

गडचिरोली जिल्ह्यात, जो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, या प्रश्नाला भाषेचे रूप येते. गोंडी, माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शी भागात पूर्व बंगालमधून येऊन वसवलेल्या कुटुंबांची बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि या सर्वांच्या मध्ये मराठीची झाडीबोली. इतक्या भाषा बोलणाऱ्या जिल्ह्यात वर्गातली भाषा बहुतेक ठिकाणी प्रमाण मराठी आहे. केंद्राने महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित मानले, त्यांत कातकरी आणि कोलाम यांच्याबरोबर माडिया आहेत. आदिवासी विकास विभागाच्या गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर या प्रकल्प कार्यालयांखाली चालणाऱ्या आश्रमशाळा निवासी आहेत, म्हणजे मूल शाळेत शिकते आणि तेथेच झोपते. दिवसाच्या शाळेतला त्रास घंटा वाजली की घरापर्यंत जेमतेम येतो. आश्रमशाळेत घंटा वाजली की वर्गातली तीच मुले पंगतीत शेजारी बसतात, आंघोळीच्या रांगेत पुढे-मागे उभी राहतात आणि दिवे मालवल्यावर एकाच दालनात झोपतात. अधीक्षक एक, कामाठी एक-दोन, आणि मुले काही शे. अशा ठिकाणी मोठ्या मुलांवर लहानांची जबाबदारी आपोआप सोपवली जाते आणि त्या सोयीतूनच दादागिरीला अधिकार मिळतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बाहेरून येणाऱ्या चित्रपटकर्त्याला आदिवासी मूल सोसणारे आणि बिगरआदिवासी मूल छळणारे अशी सरळ मांडणी मोहात पाडते, पण सगळीच मुले आदिवासी असलेल्या आश्रमशाळेत तफावत इतर रेषांवरून पडते : रस्त्यावरच्या गावचा आणि आतल्या गावचा, मराठी सफाईने बोलणारा आणि अडखळणारा, जुना आणि यंदाच दाखल झालेला, ज्याचे पालक दर महिन्याला भेटायला येतात तो आणि ज्याचे पावसाळाभर नाल्यापलीकडे अडकून पडतात तो. नामांकित निवासी इंग्रजी शाळांत शासकीय योजनेतून पाठवलेल्या मुलांची गोष्ट वेगळी; तेथे जुनी रेषा पुन्हा उमटू शकते. कायद्याची मदतही येथे तुटपुंजी ठरते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे, पण तो कायदा ६ ते १४ वर्षे वयापुरता आहे, म्हणजे नववी-दहावी त्याच्या कक्षेबाहेर राहते. गडचिरोली जिल्ह्यातल्याच हेमलकसा येथे १९७३ च्या अखेरीस सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये निवासी शाळा काढली. तेथील डॉक्टरांच्या कार्यावर समृद्धी पोरे यांचा, नाना पाटेकर यांची प्रमुख भूमिका असलेला चित्रपट २०१४ मध्ये आला, पण तो डॉक्टरांचा चित्रपट आहे, विद्यार्थ्यांचा नव्हे.

या भागाला अभिनयाची कमतरता नाही. देसाईगंज म्हणजे वडसा हे केंद्र असलेली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीपासून होळीपर्यंत, मंडईच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने, गावोगाव रात्रभर नाटके करते आणि या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलगा, म्हातारा, नवी सून असे सारे गाव एकाच मांडवात बसून नाटक पाहते, त्यामुळे गावातल्या अन्यायाची गोष्ट गावासमोर मांडायला याहून चांगली जागा नाही. मात्र त्याच मंचावर खलनायकाच्या संवादाला शिट्ट्या पडतात, आणि विनोदी पात्राचा हशा पुष्कळदा कोणाच्या तरी बोबड्या बोलण्यावर किंवा वेंधळेपणावर उभा असतो. म्हणजे साल्मिवाल्ली यांचा तिसऱ्या भूमिकेतला मुलगा तेथे हजारोंच्या संख्येने बसलेला असतो. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी यावर एक तोड काढली होती : अन्यायाचा प्रसंग एकदा सादर करायचा, मग पुन्हा सुरू करायचा आणि प्रेक्षकांतल्या कोणीही मध्येच ‘थांबा’ म्हणून मंचावर यावे व सोसणाऱ्याच्या जागी उभे राहून वेगळे वागून पाहावे. नाटकाला हे जमते. चित्रपट एकदा कापून जोडला की प्रेक्षकाला त्यात शिरता येत नाही, आणि म्हणून चित्रपटाला प्रेक्षकाची जागा आधीच, पटकथेत आणि ध्वनीत, ठरवावी लागते.

ध्वनीचा विचार येथे चित्रापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, आणि गडचिरोलीच्या निवासी शाळेवर एखादा चित्रपट बेतला तर त्याची खरी कसोटी तेथे लागेल. मारहाण दाखवणे सोपे असते. शिवाय ती हुबेहूब दाखवली की पाहणाऱ्या मुलांना नवे प्रकार शिकायला मिळतात, ही शिक्षकांची तक्रारही अगदीच अनाठायी नाही. कठीण असते ते हसणे दाखवणे. शिक्षक मराठीत काही विचारतात, पहिल्या बाकावरून उत्तर येते, वर्ग हसतो, आणि भामरागडच्या बाजूचे, माडिया बोलणारे मूल सगळ्यांकडे पाहून थोड्या उशिराने हसते, तेव्हा त्याच्या त्या उशिरावर वर्ग दुसऱ्यांदा हसतो. यात मारणे नाही, शिवी नाही, तक्रारवहीत लिहिण्याजोगे काही नाही. तरी तिन्ही कसोट्या हळूहळू पुऱ्या होत जातात. हाच प्रसंग उलटा करायचा झाला तर अवघड नाही. चित्रपटातली मुले माडियातून बोलू लागली आणि खाली मराठी अक्षरे उमटू लागली, की पुण्या-नागपुरात बसलेल्या प्रेक्षकाला प्रत्येक विनोदावरचा हशा आधी ऐकू येईल आणि विनोदाचा अर्थ ओळ वाचून झाल्यावर, क्षणभर मागाहून कळेल.